पाण्यावर सुटणारे तेल

उस्मानपुरा असो की जुन्या शहरातील पेठा, ‘लाकडी घाण्याचे तेल’ अशा पाट्या आता आपल्या सवयीच्या झाल्या आहेत. पिशवीबंद रिफाइंड तेल घ्यावे की घाण्याचे, याची चर्चा प्रत्येक स्वयंपाकघरात एकदा तरी होतेच. या दोहोंखेरीज तेल काढण्याचा एक तिसरा मार्ग आहे. प्रयोगशाळांत तो नवा म्हणून अभ्यासला जातो. त्याचे मूळ रूप मात्र आपल्या पणज्यांना चांगले ठाऊक होते.

घरचे एरंडेल कसे निघत असे, हे जुन्या माणसांना आठवत असेल. बिया भाजायच्या, उखळात कुटायच्या आणि भरपूर पाण्यात उकळायच्या. हळूहळू वर तवंग जमे; तो पळीने काढून पुन्हा कढवला की तेल तयार. कोकणात कोकमाच्या बियांतील स्निग्धांश आजही याच रीतीने काढतात. निवल्यावर त्याचा घट्ट गोळा होतो आणि हिवाळ्यात फुटलेल्या टाचांना तो लावतात. या रीतीत ना घाणा, ना कसले रसायन. उणीव एकच, की बरेचसे तेल चोथ्यातच राहून जाते.

असे का होते, हे बीजाच्या रचनेत दडलेले आहे. बियांमध्ये तेल मोकळे साठलेले नसते. प्रत्येक पेशीत त्याचे अतिसूक्ष्म थेंब असतात. बहुतेकांचा व्यास एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनयुक्त पातळ आवरण असते आणि पेशीभोवती सेल्युलोज व पेक्टिन यांची भिंत. कुटण्याने काही भिंती फुटतात, उकळण्याने काही आवरणे सैल होतात. बाकीचे तेल कोंडलेलेच राहते.

कारखान्यांनी यावर हेक्झेनचा उपाय शोधला. खनिज तेलापासून मिळणारा हा द्रव सुमारे ६९ अंश सेल्सिअसला उकळतो. सोयाबीनच्या चपट्या केलेल्या दाण्यांतून तो फिरवला की पेंडीत एक टक्क्याच्या आसपासच तेल उरते. नंतर उष्णतेने हेक्झेन उडवून परत मिळवतात. शुद्ध केलेल्या तेलात त्याचा अंश किलोमागे ५ मिलिग्रॅमहून अधिक नसावा, असा आपल्याकडे नियम आहे. त्यामुळे रिफाइंड तेल म्हणजे विष, अशी भीती पसरवणाऱ्या संदेशांवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. तरीही हा द्रव ज्वालाग्राही आहे, कामगारांना त्याच्या वाफेपासून जपावे लागते आणि त्याचा काही अंश हवेत जातोच.

तिसऱ्या मार्गात हेक्झेनची जागा पाणी घेते आणि उखळाचे उरलेले काम विकरे करतात. विकर म्हणजेच एन्झाइम. पोळीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, ते लाळेतील विकराचे काम. त्याच जातीची, पण वेगवेगळ्या कामांत निष्णात अशी विकरे येथे वापरतात. एक सेल्युलोज तोडते, दुसरे पेक्टिन, तिसरे प्रथिन. दळलेल्या बियांत काही पट पाणी घालून ते मिश्रण साधारण ५० अंशांवर कित्येक तास ढवळतात. मग वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घातले की थर वेगळे होतात. वर तेल, त्याखाली सायीसारखा थर, मग प्रथिने आणि साखर विरघळलेले पाणी, तळाशी चोथा. खरी अडचण त्या सायीची. तिच्यात तेल आणि पाणी एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि ती फोडण्यासाठी पुन्हा विकरेच लागतात.

दिल्लीच्या आयआयटीतील संशोधकांनी मोगली एरंडाच्या बियांवर असा प्रयोग केला. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. विकरांपूर्वी पाच मिनिटे ध्वनिलहरींचा मारा केल्यावर ७४ टक्के तेल मिळाले आणि १८ तासांचे काम ६ तासांवर आले. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठात सोयाबीनमधून नव्वद टक्क्यांहून अधिक तेल सुटे करता आले. तरीही मोठे कारखाने अजून हेक्झेनच वापरतात. विकरे महाग पडतात, वेळ लागतो आणि ओला चोथा वाळवण्यास इंधन जाळावे लागते. आपल्या मराठवाड्यापुरता आणखी एक प्रश्न आहे. करडई, जवस, सोयाबीन, सरकी, सारे येथे पिकते. उन्हाळ्यात पाणी मात्र टँकरने येते.

मग जैन कुटुंबाने या तेलाकडे कसे पाहावे? श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘यंत्रपीलन’ आहे. तीळ, सरसव, ऊस, एरंड यंत्रात पिळण्याचा व्यवसाय त्यात मोडतो. पिळणे टळले म्हणजे दोषही टळला, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. बी येथेही दळलेच जाते. त्यात पाण्याचा वापर वाढतो आणि अप्कायाचा विचार आपल्याला सोडता येत नाही. बाजारातील बहुतेक औद्योगिक विकरे तर मोठ्या टाक्यांत वाढवलेल्या बुरशीपासून किंवा जिवाणूंपासून मिळतात. ज्या घरात लोणच्यावर फूलण दिसली की अख्खी बरणी बाजूला ठेवतात, त्या घराला हा प्रश्न लहान वाटू नये. वेष्टनावरील हिरवा ठिपका एवढेच सांगतो की पदार्थात प्राण्याचा अंश नाही. बुरशीच्या टाकीबद्दल तो मूक असतो. असे तेल उद्या दुकानात आलेच, तर विकर कशापासून केले हे उत्पादकाला पत्र लिहून विचारावे आणि उत्तर घेऊन महाराजसाहेबांकडे जावे.

एक विकर मात्र या प्रश्नातून बऱ्याच अंशी सुटते. पपेन हे प्रथिने तोडणारे विकर कच्च्या पपईच्या चिकात असते. नारळाच्या दुधातील तेल मोकळे करण्यासाठी त्याचा वापर करून पाहिला गेला आहे. पपई झाडावर असतानाच सकाळी तिच्या सालीवर उभे, उथळ चरे पाडतात आणि गळणारा चीक भांड्यात धरतात. फळ पुढे झाडावरच पिकते.