जुन्या मोटारींचे नवे संच

अमेरिकेत १९५८पासून ‘एएमटी’ कंपनी नव्या मोटारींचे १:२५ प्रमाणातले, सुटे भाग जोडून प्रतिकृती बनवायचे प्लास्टिकचे संच काढू लागली. संचाचा प्राण म्हणजे त्याचा पोलादी साचा. वितळलेलं प्लास्टिक दाबाने त्यात भरलं, की बॉडी, बंपर, इंजिनाचे सुटे भाग तयार. साचा फार महाग. म्हणून मोटारीचं रूप बदललं, की बहुधा तोच साचा कोरून नव्या वर्षासाठी वापरत. जुनी मोटार तिथेच हरवायची!

आज ‘राउंड टू’ कंपनी हे संच पुन्हा काढते. साचा शाबूत असला तर डागडुजीवर भागतं. बदललेला असला तर न जोडलेला जुना संच शोधून, त्याबरहुकूम हरवलेल्या भागांचा साचा नव्याने घडवावा लागतो. ही मेहनत मला सर्वांत मोलाची वाटते. मोटारीवर लावायची चिकटचित्रं मात्र नव्या छपाईमुळे अनेकदा मूळ संचातल्यांपेक्षाही रेखीव निघतात.