लाडबोरीची रिंग आणि मोकाट रॉकेटं

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री आठच्या आतबाहेर विदर्भासह महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत लोकांनी आकाशात जळत सरकणाऱ्या तुकड्यांची रांग पाहिली. उल्का म्हणावी तर चाल फारच संथ. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची दोन-तीन मीटर व्यासाची रिंग कोसळली. आसपासच्या शिवारांत पोकळ गोळेही सापडले. कोणाला इजा झाली नाही, हे निव्वळ नशीब.

खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षांच्या नोंदी पडताळून सांगितलं, की हा चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. ते रॉकेट उडालं होतं फेब्रुवारी २०२१ मध्ये. म्हणजे त्याचं रिकामं धूड वर्षभराहून जास्त काळ डोक्यावर फिरत होतं.

भूस्थिर उपग्रह सोडून झाला की शेवटचा टप्पा लांबट कक्षेत उरतो. तिचं एक टोक सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, दुसरं अवघ्या काहीशे किलोमीटरवर. खालच्या टोकाशी विरळ हवेला घासून दर फेरीत त्याचा थोडा वेग जातो आणि वरचं टोक खाली उतरत राहतं. शेवटी तो वातावरणात शिरतो, पण नेमका कुठे, ते आधी सांगता येत नाही. वरच्या हवेची घनता सूर्यावरच्या घडामोडींनुसार बदलते, आणि सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाच्या वस्तूबाबत दहा मिनिटांचा अंदाज चुकला, की जागा साडेचार हजार किलोमीटरनं चुकते. वातावरणात शिरताना तापलेल्या धुडातलं ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. दाब सोसणाऱ्या टाक्या मात्र अनेकदा टायटॅनियमच्या किंवा कार्बनच्या धाग्यांनी गुंडाळलेल्या असतात. त्या तगतात आणि शेतात येऊन पडतात.

हे टाळता येतं. थोडं इंधन राखायचं, काम झाल्यावर इंजिन पुन्हा पेटवून वेग तोडायचा आणि दक्षिण पॅसिफिकच्या निर्मनुष्य पट्ट्यात धूड पाडायचं. २०११ साली सोडलेला ‘मेघा-ट्रॉपिक्स-१’ हा हजार किलोचा उपग्रह अशा उतरणीसाठी बनवलेलाच नव्हता. तरीही इस्रोनं त्यातल्या सुमारे १२५ किलो उरलेल्या इंधनावर कक्षा पायरीपायरीनं खाली आणली आणि ७ मार्च २०२३ रोजी त्याला पॅसिफिकवर संपवलं. म्हाताऱ्या उपग्रहाला जे जमलं ते नव्या रॉकेटाला जमत नाही, हे मला पटत नाही. राखलेल्या इंधनाइतका माल कमी नेता येतो, खरी अडचण ती आहे.

वर आधीच अडकलेल्या धुडांचं काम रोबोटांवर येणार. जपानी कंपनी ॲस्ट्रोस्केलचं ‘ॲड्रास-जे’ यान २०२४ मध्ये अशाच एका तीन टनी टप्प्यापासून १५ मीटरवर पोचलं. पकडून खाली आणणं ही पुढची पायरी, आणि ती महागडी आहे.

कायदा मात्र तोकडा आहे. १९७२ च्या करारानुसार जमिनीवर नुकसान झालं, तर यान सोडणाऱ्या देशाची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येते. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टीवाला ‘कॉसमॉस ९५४’ कॅनडात कोसळला. कॅनडानं सुमारे ६० लाख डॉलर मागितले, ३० लाख मिळाले. पण लाडबोरीसारखं कोणाचं काही बिघडलं नाही, तर करार गप्प बसतो. कचऱ्याबाबतची संयुक्त राष्ट्रांची २००७ ची तत्त्वंही ऐच्छिकच आहेत. २०३० पर्यंत आपल्या सगळ्या मोहिमा कचरामुक्त करायचं भारतानं ठरवलं आहे. ते पाळावं, आणि त्याच अधिकारानं टप्पे ताब्यात ठेवून उतरवण्याची सक्ती करणारा करार जगाकडे मागावा.

तोवर शिवारात असं काही पडलेलं दिसलं, तर हात लावू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका. त्यात हायड्रॅझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. मुलांना लांब ठेवा आणि पोलीस पाटलांना किंवा तहसील कार्यालयाला लगेच कळवा.