घराचें छप्पर आणि विजेचें बिल

भंडारा जिल्ह्यांतील जवाहरनगर हें गांव आयुधनिर्माणीच्या आधारानें वाढलें. भोंवतालीं धानाचीं शेतें व तळीं असल्यामुळें पावसाळ्यांत येणाऱ्या पाहुण्यास हा मुलूख मोठा शीतल वाटतो. परंतु त्यानें मे महिन्यांत येऊन पाहावें! हा प्रदेश सुमारें २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यानें मे महिन्याच्या २६ तारखेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. याच सुमारास रोहिणी नक्षत्र लागतें आणि लोक ज्याला नवतपा म्हणतात त्या नऊ दिवसांस आरंभ होतो. शेजारच्या नागपुरास २३ मे २०१३ रोजीं ४७.९ अंश सेल्सिअस इतकें तापमान नोंदलें गेलें होतें. असे दिवस आले कीं गृहस्थ तडक बाजारांत जातो आणि हप्त्यानें वातानुकूलन यंत्र घेऊन येतो. घर तापलें कीं यंत्र आणावें, हा आजचा क्रमच होऊन बसला आहे. घर मुळांत कां तापलें, हें विचारणारा मात्र विरळा.

उत्तर अगदीं डोक्यावर आहे. सूर्य माथ्यावर असतां भिंतींवर ऊन तिरपें पडतें. त्याचा सारा मारा छपरावर होतो. एकमजली घर असेल तर आंत शिरणाऱ्या उष्णतेचा फार मोठा भाग वरूनच येतो. आजचें छप्पर म्हणजे चार-पांच इंच जाडीचा काँक्रीटचा स्लॅब. तो उष्णता थांबवीत नाहीं, फक्त कांहीं तास उशीर करतो. दुपारीं एक-दोन वाजतां वर झेललेला ताप संध्याकाळीं खालच्या अंगास पोंचतो, आणि बाहेर वारा गार होऊं लागला असतां घरांतील छत मध्यरात्रीपर्यंत भट्टीसारखें उष्णता ओकत राहतें. त्याखालीं पंखा लावला म्हणजे तो वरची ऊब खालीं लोटतो, इतकेंच. दिवसभर उन्हानें थकलेल्या शरीरास सावरावयास रात्र मिळाली पाहिजे. वृद्धांना व लहान मुलांना ती मिळाली नाहीं तर उष्माघाताचें भय वाढतें. तेव्हां हा प्रश्न केवळ बिलाच्या आंकड्यांचा नव्हे.

जुनीं घरें या बाबतींत शहाणीं होतीं. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, बांबूंवर एकावर एक बसविलेलीं कवेलू, त्यांच्या फटींतून खेळणारी हवा आणि दोन्ही अंगांना ओसरी-पडवी, अशी त्यांची घडण असे. १९३६ सालीं महात्मा गांधी वर्ध्याजवळील सेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामीं, राहावयास आले. तेथील कुट्या याच पद्धतीच्या आहेत आणि त्या आजही पाहावयास मिळतात. परंतु जुन्याचें गुणगान करणारे एक गोष्ट विसरतात. कवेलूंचें घर दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं शाकारावें लागतें, माकडांची एक टोळी येऊन गेली कीं पुन्हा शाकारावें लागतें, आणि शाकारणारा माणूस आज मिळत नाहीं. म्हणून स्लॅब आला, व तो आतां जाणार नाहीं. त्यालाच शहाणा करणें एवढें हातीं आहे.

सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. उघडें करडें काँक्रीट अंगावर पडलेल्या उन्हापैकीं जेमतेम तिसरा हिस्सा परत फेंकतें. ताजी पांढरी सफेदी सुमारें तीन चतुर्थांश परतवते. मार्चच्या अखेरीस गच्ची घांसून धुवावी आणि चुन्याचे दोन हात द्यावे. पावसानें तो धुपून जातो, म्हणून हें काम वार्षिक समजावें. ज्याला कायमची सोय हवी त्यानें विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून, त्याला पाण्याचा उतार देऊन, वर पांढऱ्या चिनी फरश्यांचे तुकडे बसवावे. कोब्याच्या थरांत मातीचीं मडकीं उपडीं पुरण्याची रीतही जुनी व चांगली आहे. मडक्यांत कोंडलेली हवा उष्णतेची वाट अडविते.

किती अडवावी याचें माप आतां सरकारनेंही घालून दिलें आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानें डिसेंबर २०१८ मध्यें इको निवास संहिता प्रसिद्ध केली. आंत व बाहेर एक अंशाचा फरक असतां छपराच्या एका चौरस मीटरांतून १.२ वॅटहून अधिक उष्णता आंत जाऊं नये, असें ती सांगते. उघड्या स्लॅबांतून तीन वॅटांहून अधिक जाते. पन्नास चौरस मीटर छप्पर असून ऐन उन्हांत वीस अंशांचा फरक धरला, तर ढोबळ हिशोबानें उघड्या स्लॅबांतून तीन हजार वॅट आंत येतील, म्हणजे घरांत तीन इस्त्र्या अखंड तापत ठेवाव्या तसें; संहितेप्रमाणें बांधलेल्या छपरांतून येतील बाराशें. ज्यानें छप्पर सुधारलें नाहीं तो आधीं या इस्त्र्या पेटवितो आणि मग त्यांची उष्णता बाहेर काढण्यासाठीं विजेचे पैसे भरतो.

नवें घर बांधणाऱ्यानें दिशाही पाहाव्या. दक्षिणेची भिंत निरुपद्रवी असते. तेथें दोन फुटांचा छज्जा असला कीं एप्रिलच्या दुपारीं तो जवळजवळ सारी भिंत सांवलींत ठेवतो. डिसेंबरांत सूर्य मध्यान्हीं सुमारें ४५ अंशांवरच राहतो, तेव्हां छज्जा दोनच फूट झांकतो आणि हवेंसें ऊन खिडकींतून आंत येतें. खरा वैरी पश्चिम. तिकडचें ऊन आडवें येत असल्यानें छज्ज्याचा उपयोग नाहीं. तिकडे न्हाणीघर, जिना किंवा कोठी काढावी, आणि जागा असेल तर एक कडुनिंब लावावा. विटांच्या भिंतींत पोकळी ठेवणारी एक बांधणी केरळांत लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनीं रूढ केली. तिच्यांत सुमारें चौथा हिस्सा विटा वांचतात व भिंत कमी तापते. मात्र ती जाणणारा गवंडी आधीं शोधावा, मग हौस करावी.

घर चालविण्याची रीत तर बिनखर्चाची आहे. सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं खिडक्या लावून पडदे सोडावे आणि सूर्य मावळल्यावर समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या. पुष्कळ घरीं नेमकें उलट चालतें! कूलरविषयींही असाच गैरसमज आढळतो. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता शोषली जाते. मेमधील कोरड्या हवेंत दोनशें वॅटांचा कूलर म्हणूनच चांगलें काम देतो. दीड टनाचें वातानुकूलन यंत्र त्याच्या सहा-सात पट वीज खातें. परंतु कूलरसमोरची खिडकी उघडी पाहिजे. ती बंद असली कीं ओलावा सांचतो आणि माणूस घामाघूम होतो. जुलैच्या दमट हवेंत तो निरुपयोगी, मग वाळ्याची ताटी कितीही सुगंधी असो. पंखा मात्र बारा महिने चालतो. जुना पंचाहत्तर वॅटांचा पंखा रोज पंधरा तास फिरला तर महिन्यास सुमारें चौतीस युनिटें जातात. नव्या जातीचा तीस वॅटांचा साडेतेरांत भागवितो. घरांत तीन पंखे असले तर साठ युनिटें वांचलीं. ज्याला यंत्र लावणें भागच आहे त्यानें तें २४ अंशांवर ठेवावें. त्याखालीं उतरविलेला प्रत्येक अंश सुमारें सहा टक्के वीज वाढवितो.

एवढें झाल्यावर सौर पाट्यांचा विचार करावा, त्याआधीं नव्हे. जवाहरनगर-नागपूर मार्गावरील मौद्याचें वीजकेंद्र २,३२० मेगावॅटांचें आहे व तें कोळशावर चालतें. घरीं जळणाऱ्या अशा एका युनिटामागें अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जातो. २०२४ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेनें एका किलोवॅटास ३०,०००, दोहोंस ६०,००० व तीन किंवा अधिकांस ७८,००० रुपये असें अनुदान ठरविलें. एक किलोवॅट दिवसास सरासरी चार युनिटें देतो. वापर आधीं कमी केलेल्या घरास दोन किलोवॅट पुरतात. तापलेल्या छपराच्या घरास चारही अपुरे पडतात. पाट्या गच्चीपासून उंच बसवाव्या, म्हणजे खालून वारा खेळतो आणि स्लॅबवर आयती सांवली पडते. उन्हाळ्यांत त्यांवर धुळीचा थर बसतो. पंधरवड्यांतून एकदां, सकाळच्या थंड वेळीं, साध्या पाण्यानें त्या धुवाव्या. दुपारच्या तापलेल्या कांचेवर गार पाणी ओतूं नये.