श्रावण पाळला म्हणजे दारू सुटली का?

माणूस किती पितो यावरून व्यसन ठरत नाही. नुकसान डोळ्यांसमोर दिसत असताना, सोडायचे ठरवूनही हात पुन्हा तिकडेच वळतो का, यावरून ते ठरते. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या गावांत या कसोटीला एक उत्तर तयार असते: ‘मी श्रावण पाळतो की!’ गटारीला यथेच्छ पिऊन दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बाटलीला न शिवणारे लोक इथे गावोगाव आहेत. काही जण तर गणपती विसर्जनापर्यंत ओढतात. मग व्यसन कसले? युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण तो कुठे फसतो हे पाहिले की व्यसनाचे निम्मे मानसशास्त्र हाती लागते.

श्रावणात सोडणे जमते, कारण सगळेच सोडतात. सोबती पीत नाहीत, घरी कोंबडे शिजत नाही, आग्रह करायला कोणी नसते आणि मुदत ठरलेली असते. निग्रह वाढलेला नसतो, आजूबाजूचे बदललेले असते. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांवर ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात केलेला अभ्यास याच अंगाने प्रसिद्ध आहे. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनात अडकले. बाकीच्यांचा देश बदलला होता. श्रावण पाळणाऱ्याचा फक्त महिना बदलतो.

तो संपला की काय होते, हे मेंदूकडे पाहून कळते. १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांना असे दिसले की मेंदूच्या ठरावीक भागात तार बसवलेला उंदीर विजेच्या सौम्य धक्क्यासाठी कळ पुनःपुन्हा दाबत राहतो. सुखाचे केंद्र सापडले, असा तेव्हा गाजावाजा झाला. पुढे टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ मध्ये अधिक बारीक गोष्ट मांडली: एखादी गोष्ट आवडणे वेगळे आणि ती हवीहवीशी वाटणे वेगळे. डोपामिन हे रसायन मुख्यतः दुसऱ्याशी बांधलेले आहे. व्यसनात हवेपणा वाढत जातो. आवड तेवढीच राहते किंवा आटते. म्हणून जुना पिणारा चव गेली तरी पितो. शिवाय डोपामिन उसळते ते घोट पोटात जाण्याच्या आधी, त्याची चाहूल लागताच.

या तालुक्यांत ती चाहूल कुठे लागते? दिवाळीनंतर कातकरी आणि ठाकूर कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. पावसाळ्याच्या उपासमारीत घेतलेली उचल फेडायची असते. आठवड्याला हाती पडते ती खर्ची. खर्चीचा दिवस, दिवसभर चिखल तुडवून आंबलेले अंग, अड्ड्याकडे जाणारी पायवाट, गूळ-नवसागराचा आंबूस वास, यांतले काहीही तल्लफ उठवायला पुरेसे असते. महिनाभर झोपलेली सवय एका वासाने जागी होते. भट्टी तीच आणि उचलही तीच असताना निव्वळ उपदेशाने दारू सुटेल, ही अपेक्षा भाबडी आहे.

दारू अशी रोजची होण्यालाही इतिहास आहे. मोहाची फुले वेचून घरी गाळलेली दारू सण, लग्न आणि देवकार्याला लागे. १८७८ च्या अबकारी कायद्याने गाळण्याचा हक्क मक्तेदारांकडे गेला आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच बंधने आली. सरकारला महसूल हवा होता. घरची दारू दुकानात गेली, दुकानाबरोबर उधारी आली. आजच्या हातभट्टीत मोहाची जागा बहुतेक काळ्या गुळाने घेतली आहे.

दारू पोटात न जाताही हाच सापळा काम करतो. कल्याण मटका हे त्याचे उत्तम उदाहरण. (हे कल्याण म्हणजे शेजारचे शहर नव्हे, १९६२ मध्ये तो सुरू करणारे कल्याणजी भगत.) बक्षीस कधी लागेल याचा नेम नसला की सवय सर्वांत चिवट होते, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर दाखवले होते. पहिला आकडा (ओपन) लागला आणि दुसरा (क्लोज) एकाने हुकला, तर खेळणाऱ्याला आपण हरलो असे वाटतच नाही. ‘थोडक्यात गेला’ म्हणत तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आकडा लावतो.

व्यसनाशी दोन गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे मंत्रचळ: पुनःपुन्हा हात धुणे, कडी तपासणे. त्यात सुखाचा मागमूस नसतो, फक्त भीती शमवायची धडपड असते. दुसरी मनोविकृती, म्हणजे सायकोपॅथी. हर्वे क्लेक्ली यांनी १९४१ मध्ये तिचे वर्णन केले. रॉबर्ट हेअर यांची २० लक्षणांची तपासणी आज वापरली जाते. दुसऱ्याच्या वेदनेची फिकीर नसणे आणि अपराधीपणाचा अभाव हा तिचा गाभा. बायकोचे हंडे-कळशा विकून पिणारा नवरा घरच्यांना काळीज नसलेला वाटतो, पण सकाळी तोच शरमेने मान वर करत नाही आणि ती शरम बुडवायला पुन्हा पितो. ही मनोविकृती नव्हे. ‘सायको’ हा शब्द एरवीही फार सैल वापरला जातो: मुंबईत अनेक खून करणारा रमण राघव सर्रास मनोविकृत म्हटला जातो, डॉक्टरांचे निदान मात्र स्किझोफ्रेनियाचे होते.

मग सोडणारे कसे सोडतात? १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरच्या, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, कोळ्यांमध्ये सुरू झालेली देवीची लाट दक्षिण गुजरातच्या आदिवासींपर्यंत पोचली. अंगात आलेली देवी सांगे: दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा. गावेच्या गावे एकदम सोडती झाली. लाट ओसरल्यावर पुष्कळजण परतले, काही टिकले. वारकऱ्याची माळ याहून टिकाऊ ठरते, कारण तिला मुदत नसते आणि ती गळ्यात सगळ्यांना दिसते. माळकऱ्याला कोणी पेला पुढे करत नाही. भजनाची मंडळी हे नवे सोबती होतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकी किंवा १९८६ पासून पुण्यात चालणारे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हेच काम दुसऱ्या भाषेत करतात. ‘आडव्या बाटली’च्या मतदानाने बायकांना परवान्याचे दुकान बंद पाडता येते. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सगळ्या शहापुरात आणि मुरबाडच्या काही गावांत, ग्रामसभेलाही दारूबाबत अधिकार आहेत. ओढ्याकाठच्या हातभट्टीपुढे मात्र दोन्ही उपाय तोकडे पडतात.

एक धोका श्रावणातच दडलेला आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले तर काही तासांत हात थरथरतात, पुढे फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी नसलेली माणसे व किडे दिसू लागतात. गावात याला बाहेरची बाधा समजून भगताकडे नेतात. प्रत्यक्षात ही जिवावर बेतणारी अवस्था असते आणि औषधांनी ती टाळता येते. एम्सच्या २०१९ च्या पाहणीनुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलेही उपचार मिळतात. सकाळी उठल्याबरोबर ज्याला घोट लागतो, त्याने श्रावण धरण्याआधी सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारावे किंवा १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत क्रमांकावर फोन करावा.