मोटारीची वाढीव अश्वशक्ति

दौलताबादचा किल्ला मागें टाकून मोटार खुलताबादच्या घाटास लागली, म्हणजे एंजिनाची परीक्षा सुरू होते. सपाटीवर गुमान चालणारी गाडी येथें खालचा गिअर मागूं लागते. आणि अशा वेळीं एखादी तशीच गाडी जाड नळीच्या नव्या सायलेन्सरची गर्जना करीत शेजारून पुढें निघून जाते. असा सायलेन्सर आणि त्याच्या जोडीला मोकळ्या जाळीचा एअर फिल्टर बसविला कीं दहा-पंधरा अश्वशक्ति वाढते, असें विकणारा सांगतो आणि बसवून घेणाऱ्यासहि मनापासून तसें वाटतें. घरांतील तरुण मुलगा ह्या हौसेपायीं कित्येक हजार रुपये मोजावयास तयार होतो. तेव्हां ही वाढ खरोखर किती असते व ती मोजावी कशी, ह्याचा विचार वडीलधाऱ्यांनींहि करावयास हरकत नाहीं.

अश्वशक्ति म्हणजे काम करण्याचा वेग. जेम्स वॅट यानें ठरविलेल्या मापाप्रमाणें एका मिनिटांत ३३,००० फूट-पौंड काम झालें म्हणजे एक अश्वशक्ति होते. आजच्या परिभाषेंत ती सुमारें ७४६ वॅट भरते. युरोप खंडांत रूढ झालेली मेट्रिक अश्वशक्ति मात्र ७३५.५ वॅटची आहे. त्यामुळें एकाच एंजिनाची शक्ति एका कागदावर ९८.६ आणि दुसऱ्यावर १०० अशी छापली जाऊं शकते. गाडीला कोणी हातहि लावलेला नसतां दीड टक्का वाढ पदरांत पडली!

एंजिन हा मूलतः हवेचा पंप आहे. १२०० घन सेंटिमीटरचें चार-स्ट्रोक एंजिन दर दोन फेऱ्यांस फार तर १.२ लिटर हवा ओढतें. म्हणजे मिनिटास ६००० फेरे होत असतां सेकंदाला सुमारें ६० लिटर. एक किलो पेट्रोल नीट जळावयास सुमारें १४.७ किलो हवा लागते. अधिक पेट्रोल देणें सोपें आहे, अधिक हवा आंत नेणें अवघड. म्हणूनच फिल्टरची जाळी मोकळी करण्याची कल्पना सुचते, आणि तत्त्वतः ती चुकीची नाहीं. प्रश्न प्रमाणाचा आहे. वातावरणाचा दाब साधारण १०० किलोपास्कल धरला आणि पूर्ण वेगांत स्वच्छ फिल्टरनें त्यांतील एक किलोपास्कल खाल्ला असें मानलें, तर फिल्टर समूळ काढून टाकला तरी मिळकत एका टक्क्याच्या आसपासच राहणार. ८० अश्वशक्तीच्या गाडींत ही पुरती एक अश्वशक्तिहि नव्हे. शिवाय उघडा फिल्टर बॉनेटखालीं बसविला, तर तो एंजिनाभोंवतींचीच तापलेली हवा ओढतो. हवा दहा अंशांनीं अधिक गरम झाली कीं ती तीन टक्क्यांहून अधिक विरळ होते. अर्थात् जाळीनें दिलें त्याहून उष्णतेनें अधिक नेलें, असाहि प्रकार घडतो.

येथें आणखी एक गफलत होते. तुलना केली जाते ती नव्या महाग फिल्टरची, दोन वर्षें धूळ खाऊन तुंबलेल्या जुन्या फिल्टरशीं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांतील धूळ ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्यांतील अन्याय सांगावयास नको. अमेरिकेंतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, आधुनिक पेट्रोल गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरमुळें इंधनाचा खर्च फारसा वाढत नाहीं, परंतु गाडीचा वेग घेण्याचा जोर कमी होतो. म्हणून नव्याची तुलना कंपनीच्याच नव्या साध्या फिल्टरशीं व्हावयास पाहिजे.

सायलेन्सरची कथा थोडी निराळी आहे. जळलेला वायु बाहेर ढकलण्यास पिस्टनला श्रम पडतात; नळींतील अडथळा कमी झाला तर ते श्रम वांचतात. परंतु नळी वाटेल तितकी रुंद करून चालत नाहीं. वायूच्या लाटा योग्य क्षणीं परत आल्या तर त्या सिलिंडर रिकामा करावयास मदतच करितात. नळी फार रुंद झाली कीं वायूची गति मंदावते आणि खालच्या फेऱ्यांतील ओढ घटते. टर्बो नसलेल्या गाडींत केवळ मागील सायलेन्सर बदलून साधारणतः एक ते तीन टक्के मिळाले तर पुष्कळ झाले, आणि तेहि वरच्या फेऱ्यांत, जेथें घाट चढणारा गृहस्थ एंजिन क्वचितच नेतो.

टर्बोचार्जर असलेल्या एंजिनाचा हिशेब वेगळा. संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यांत २००१ पासून स्कोडा कंपनीच्या ऑक्टाव्हिया गाड्या जुळविल्या जाऊं लागल्या, त्यांतील आर. एस. ही टर्बोची आवृत्ति १५० अश्वशक्तीची होती. अशा एंजिनांत हवा टर्बो कोंबतो आणि ती किती कोंबावयाची हें गाडींतील संगणक ठरवितो. संगणकाचा कार्यक्रम बदलला तर पंधरा-वीस टक्क्यांची वाढ खरोखर मिळूं शकते. पण मग श्रेय त्या कार्यक्रमाचें, नळीचें नव्हे. आणि वाढलेला ताण क्लच, गिअरपेटी व टर्बो यांनीं सोसावयाचा असतो. बिलांत मात्र सर्व वस्तूंचा एकत्र गौरव झालेला दिसतो.

आतां मोजणीकडे वळूं. प्रोनी या फ्रेंच अभियंत्यानें १८२१ सालीं फिरत्या दांड्यास ब्रेक लावून शक्ति मोजण्याची युक्ति काढली. आजचे डायनॅमोमीटर हे तिचेच वंशज. कारखान्याचा आंकडा एंजिन गाडीबाहेर मांडून घेतात, तर गॅरेजांतील यंत्रावर गाडीचीं चाकें रूळांवर फिरवितात. एंजिनापासून चाकापर्यंत येतां येतां सुमारें दहा ते वीस टक्के शक्ति वाटेंत खर्ची पडते. ही गळती किती, हें कित्येकदां अंदाजानेंच धरतात. ती पंधराऐवजीं वीस टक्के धरली कीं एंजिनाचा आंकडा एका फटक्यांत वाढतो. हवामानाची दुरुस्ती हाहि तसाच मार्ग आहे. अमेरिकन पद्धतीच्या जुन्या दुरुस्तीनें येणारा आंकडा नव्या दुरुस्तीच्या आंकड्यापेक्षां सुमारें चार टक्क्यांनीं मोठा येतो. यंत्र तेंच, गाडी तीच. मोठ्या कंपन्यांनाहि हा मोह सुटला नव्हता. अमेरिकेंत १९७१ पर्यंत एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे काढून ठेवून मोजलेली शक्ति जाहिरातींत छापीत. १९७२ पासून सर्व सरंजामासह मोजलेली निव्वळ शक्ति देऊं लागले, तेव्हां आंकडे धाडकन् खालीं आले.

दुरुस्तीची गरज मात्र खरी आहे, आणि ती पटावयास खुलताबादसारखें दुसरें ठिकाण नाहीं. संभाजीनगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५७० मीटरवर, तर खुलताबाद सुमारें ८५० मीटरवर आहे. एवढ्या चढांत हवेचा दाब साधारण तीन टक्क्यांनीं उतरतो, आणि टर्बो नसलेल्या एंजिनाची शक्तिहि जवळजवळ त्याच प्रमाणांत घटते. मुंबईच्या किनाऱ्याशीं तुलना केली तर तूट नऊ-दहा टक्क्यांची भरते. मे महिन्याच्या ४० अंशांत मोजलेली गाडी डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत पुन्हां मोजली, तर रूढ सूत्राप्रमाणें पांच टक्क्यांच्या आसपास फरक पडावयास हवा. ह्या चढउतारापुढें फिल्टरची एक टक्का मिळकत कोठें दिसणार?

यंत्र जवळ नसेल तर घड्याळानेंहि मोजतां येतें. माणसांसह १००० किलो वजनाची गाडी एकाच गिअरमध्यें ताशीं ६० किलोमीटरवरून ८० वर चार सेकंदांत गेली, तर तिच्या गतीची ऊर्जा सुमारें १,०८,००० जूलनीं वाढली. म्हणजे केवळ वेग वाढविण्याकडे सरासरी २७,००० वॅट, अर्थात् सुमारें ३७ मेट्रिक अश्वशक्ति लागली. वारा व टायर यांचा विरोध ह्यांत धरलेला नाहीं. पद्धति सुंदर आहे, परंतु नाजुक. अंगठा एक दशांश सेकंद चुकला कीं अडीच टक्के गेले. ६५ किलोंचा एक मित्र खालीं उतरला कीं साडेसहा टक्क्यांचा फरक. रस्त्यास शंभरांत एक एवढा, डोळ्यास न दिसणारा उतार असला, तरी ह्या वेगांत अडीच अश्वशक्तीहून अधिक फुकट मिळते. म्हणून दोन्ही दिशांनीं अनेक धांवा घ्याव्या आणि सरासरी काढावी. तीहि बंदिस्त मोकळ्या जागेंत. भद्रा मारुतीच्या दर्शनास पायीं जाणाऱ्या भाविकांनीं भरलेला रस्ता ही प्रयोगशाळा नव्हे.

डायनॅमोमीटरवर जावयाचें ठरलें, तर क्रम असा ठेवावा. आधीं मूळ गाडीच्या तीन-चार धांवा. टायरांतील दाब, एंजिनाचें तापमान व गिअर तेच ठेवून त्याच दिवशीं नवा भाग लावून तितक्याच धांवा. आणि मग, जें बहुतेक कोणी करीत नाहीं, जुना भाग पुन्हां बसवून शेवटच्या धांवा. जुना भाग परत लावल्यावर आंकडा खालीं आला नाहीं, तर वाढ भागाची नसून तापलेल्या गिअर-तेलाची किंवा थंड झालेल्या हवेची होती. एकाच स्थितींतील धांवांमध्यें दोन अश्वशक्तीची तफावत पडत असेल, तर दीड अश्वशक्तीच्या वाढीबद्दल पैसे देऊं नयेत. कागद मागतांना केवळ शिखराचा आंकडा न घेतां संपूर्ण आलेख मागावा. २००० ते ३००० फेऱ्यांत रेषा खालीं गेली असेल तर घाटांत गाडी पूर्वीपेक्षां मंदच चढेल.

तरीहि बसविणाऱ्यास गाडी चपळ वाटते, हें खोटें नसतें. आवाज वाढला कीं वेग वाढल्यासारखा वाटतो, आणि नव्या वस्तूच्या आनंदांत पायहि जरा जोरानें दाबला जातो.

राहतां राहिला कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्यानें नोंदविलेल्या तपशिलाविरुद्ध गाडींत फेरफार करावयास मनाई करितें, आणि आवाज व धूर यांची मर्यादा ओलांडणें हा १९० व्या कलमाखालीं निराळा गुन्हा आहे. नळी मोकळी करण्याच्या भरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणारे मिस्त्री भेटतात. तो गेला कीं विषारी वायु न शमतां तसाच बाहेर पडतो. एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांतील काजळी अडविणाऱ्या गाळणीचीहि तीच गोष्ट. काढलेले मूळ भाग भंगारांत देण्याची घाई मात्र कोणी करूं नये. गाडी विकतांना किंवा तपासणीच्या वेळीं तेच पुन्हां शोधावे लागतात, आणि त्यांची किंमत नव्या सायलेन्सरपेक्षां पुष्कळदां अधिक निघते.