घरबसल्या व्यायामाची वर्गणी : खर्च, लाभ आणि सार्वजनिक पर्याय

छत्तीसगडची राजधानी रायपूर. या शहराच्या उत्तर भागात, बिलासपूरकडे जाणाऱ्या मार्गावर भनपुरी हा औद्योगिक परिसर वसलेला आहे. त्याच्या पुढे उरला आणि सिलतरा ही लोह-पोलाद उद्योगाची मोठी क्षेत्रे आहेत. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. हवेच्या गुणवत्तेचे निकष पूर्ण न करणाऱ्या शहरांच्या यादीत छत्तीसगडमधील भिलाई व कोरबा यांच्याबरोबर रायपूरचाही समावेश झाला. अशा परिसरातील कुटुंबाला ‘नियमित व्यायाम करा’ असा सल्ला मिळाला, की पहिला प्रश्न उभा राहतो : तो करायचा कोठे? या प्रश्नाला बाजारपेठेने एक उत्तर दिले आहे. ठरावीक वर्गणी भरावी आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर प्रशिक्षक पाहून घरीच व्यायाम करावा. हा खर्च सार्थ आहे काय, याचा अर्थशास्त्रीय विचार येथे केला आहे.

गरज खरी आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा शारीरिक श्रम करणे आवश्यक आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, भारतात ही पातळी न गाठणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००० साली सुमारे २२ टक्के होते. २०२२ मध्ये ते ४९ टक्क्यांवर पोहोचले. स्त्रियांमध्ये ते ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के आढळले. घरकाम, मुलांचे संगोपन आणि सुरक्षित मोकळ्या जागेचा अभाव यांमुळे स्त्रियांसाठी बाहेर जाऊन व्यायाम करण्याचा संधी-खर्च अधिक असतो. त्यामुळे घरबसल्या सेवेचे मूल्य त्यांच्या दृष्टीने अधिक ठरू शकते.

किंमत महिन्याची नव्हे, वापराची

वर्गणीचा विचार करताना ग्राहक मासिक दर पाहतो. प्रत्यक्षात पाहावयास हवा तो प्रत्येक सत्राचा खर्च. उदाहरणादाखल असे गृहीत धरू, की वार्षिक वर्गणी ६,००० रुपये आणि मासिक वर्गणी ८०० रुपये आहे. वर्षभर टिकणाऱ्या ग्राहकाला मासिक पद्धतीत ९,६०० रुपये पडतील. म्हणून वार्षिक योजना स्वस्त भासते. परंतु आठवड्यातून पाच दिवस व्यायाम करून एखाद्याने तीन महिन्यांनी तो सोडला, तर सुमारे ६० सत्रे होतात. वार्षिक योजनेत प्रत्येक सत्र १०० रुपयांना पडते, मासिक योजनेत ४० रुपयांना. या दरांनुसार किमान आठ महिने सातत्य टिकले, तरच वार्षिक योजना फायद्याची ठरते.

सातत्य राखण्यासाठीच पैसे आगाऊ भरले, असे अनेकजण म्हणतात. मात्र भरलेली रक्कम हा ‘बुडीत खर्च’ असतो. व्यायाम न केल्याने ती वाढत नाही आणि केल्याने परत मिळत नाही. आरंभी ती मनाला टोचते. काळ लोटतो तशी टोचणी बोथट होते.

वर्तनवादी अर्थशास्त्राचा पुरावा

या संदर्भात स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर यांचा २००६ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील तीन व्यायामकेंद्रांच्या ७,७५२ सदस्यांची माहिती त्यांनी तपासली. दरमहा ७० डॉलरहून अधिक वर्गणी भरणारे सदस्य महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच केंद्रात जात. त्यांना एक भेट १७ डॉलरहून महाग पडे. दहा भेटींचा पास घेतला असता तीच १० डॉलरला मिळाली असती. शेवटच्या भेटीनंतर सदस्यत्व रद्द करण्यास सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. माणूस भविष्यातील स्वतःच्या निर्धाराविषयी फाजील आशावादी असतो, असा याचा अर्थ. म्हणजे मासिक वर्गणीही आपोआप नूतनीकरण होत राहिल्यास सुरक्षित नसते.

ग्राहक संरक्षणाची तरतूद

भारतात यासंबंधी दोन तरतुदी उल्लेखनीय आहेत. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये कार्डांवरील आवर्ती देयकांसाठी चौकट आखली. तीनुसार रक्कम वजा होण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना देणे बंधनकारक झाले. अतिरिक्त पडताळणीविना वजा होऊ शकणाऱ्या रकमेची मर्यादा २०२२ मध्ये १५,००० रुपये करण्यात आली. दुसरी तरतूद केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्राधिकरणाने तेरा ‘डार्क पॅटर्न’ निश्चित केले. सदस्यत्व रद्द करणे मुद्दाम अवघड करणारा ‘सदस्यत्वाचा सापळा’ हा त्यांपैकी एक होय. अशा तक्रारींसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

विनामूल्य पर्याय आणि सार्वजनिक वस्तू

शासनाने २९ ऑगस्ट २०१९ रोजी ‘फिट इंडिया’ चळवळ सुरू केली व २०२१ मध्ये तिचे विनामूल्य ॲप उपलब्ध केले. सूर्यनमस्कार, योगासने किंवा दोरीवरच्या उड्या यांना तर वर्गणी लागतच नाही. महाराष्ट्रात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या, १९१४ पासून कार्यरत असलेल्या संस्थांनी अल्प खर्चात सामूहिक व्यायामाची परंपरा रुजवली. सोबत्यांची वाट पाहणारी नजर जे सातत्य निर्माण करते, ते पडद्यावरील प्रशिक्षकाला सहसा साधत नाही.

तथापि, भनपुरीचा मूळ प्रश्न यापलीकडचा आहे. शुद्ध हवा ही सार्वजनिक वस्तू आहे. कारखाने व वाहनांच्या धुराचा बोजा रहिवाशांवर पडतो. याला ‘ऋण बाह्यता’ म्हणतात. खिडक्या लावून केलेला व्यायाम हा त्या बाह्यतेपासून बचावाचा खाजगी खर्च ठरतो आणि तोही अपुरा, कारण सूक्ष्म धूलिकण घरातही शिरतात. ज्याची ऐपत आहे तो वर्गणी भरतो. रोजंदारीवरील कामगाराला तोही पर्याय नाही.

सारांश, आधी महिनाभर विनामूल्य साधनांनी सवय तपासावी, मग गरज वाटल्यास मासिक वर्गणी घ्यावी आणि वापर थांबताच ती रद्द करावी. या अटी पाळणाऱ्यास, विशेषतः घराबाहेर पडणे कठीण असलेल्या व्यक्तीस, हा खर्च सार्थ ठरू शकतो. परंतु स्वच्छ हवा आणि चालण्याजोगे मैदान यांची जागा कोणतीही वर्गणी घेऊ शकत नाही. त्यांची तरतूद सार्वजनिक खर्चातून आणि प्रदूषण नियंत्रणाच्या काटेकोर अंमलबजावणीतूनच व्हावयास हवी.