लोणार : सरोवराकाठचे गाव

फ्रान्समध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी ईव्ह्वार नावाचे लहानसे मध्ययुगीन गाव आहे. त्याची तटबंदी पाहावयास दूरदूरचे प्रवासी जातात. आपल्या वऱ्हाडातही सरोवराकाठचे असे एक प्राचीन गाव आहे. ते म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. नरनाळ्याची तळी पाहिलेल्या आपण अकोटकरांनी तेही एकदा डोळसपणे पाहावे.

विष्णूने येथे लवणासुराला मारले, अशी कथा आहे. म्हणूनच गावात दैत्यसूदनाचे देऊळ उभे आहे. त्याचा पाया तारकेच्या आकाराचा असून भिंतींवर देखणे कोरीव काम आहे. सरोवराच्या कडेवर बारमाही झरा आहे, त्याला 'धार' म्हणतात. खाली काठाशी कमळजादेवीचे देऊळ आहे. येथे साबण व काच यांना लागणारा क्षार मिळतो, अशी नोंद अकबराच्या काळच्या 'आइन-इ-अकबरी'तही आहे.

हा क्षार आला कोठून? सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा हा खळगा ज्वालामुखीचा असावा, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. पुढे तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत प्रचंड आघातानेच होणारी काच सापडली आणि 1973 साली उल्कापाताचा पुरावा प्रसिद्ध झाला. पाणी या खळग्यात चोहोबाजूंनी उतरते, परंतु बाहेर पडावयास त्याला वाट नाही. उन्हाने पाणी उडून जाते व क्षार मागे राहतो. युगानुयुगे हेच चालल्यामुळे पाणी खारट व अल्कधर्मी झाले. अशा पाण्यात मासे जगत नाहीत, पण सूक्ष्म जीवांचे वेगळेच जग नांदते. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले, तेही अशाच क्षारप्रिय जीवांमुळे.

त्याच वर्षी लोणारला रामसर यादीत स्थान मिळाले. परंतु जेथे बाहेरची वाट नाही, तेथे आत गेलेले काहीच परत येत नाही, ही गोष्ट आपण विसरू नये. गावचे सांडपाणी खाली उतरले तर घाण तळाशी साचेल, आणि गोडे पाणी फार वाढले तर क्षाराचे प्रमाण घटून त्यावर जगणारी सृष्टी नष्ट होईल. काठावरची देवळेही पाण्याखाली जातील. म्हणून लोणारचे रक्षण काठावर कुंपण घालून होणार नाही. वर गावातील गटारांचा बंदोबस्त आधी झाला पाहिजे. हा भार एकट्या लोणारकरांवर टाकणे न्याय्य नव्हे. ठेवा साऱ्या वऱ्हाडाचा आहे, तेव्हा त्यासाठी आग्रह धरणे हे आपलेही कर्तव्य होय.